नव्या लेखकाच्या शोधात... व्हाया इचलकरंजी

फँटसी आणि सायफायचे नवे लेखक हुडकण्याचा मला नाद. पण एक लेखक आठ महिने माझ्याच फोनमध्ये पडून होता, त्याची ही गोष्ट. आणि हो, तुम्हालाही हा नाद लावून घ्यायचा असेल तर त्याच्या टिप्सही!

शुक्रवारची रात्र, पुणे-इचलकरंजी बस, खिडकीची सीट आणि मांडीवर कुणा अनोळखी लेखकाची पहिलीवहिली कादंबरी. माझ्या लेखी वीकेण्ड म्हणजे एवढंच. आमच्या ऑफिसात कुणी ट्रेकला पळतं, कुणी सालसाच्या क्लासला जातं, कुणी नुसतंच झोपतं. मला नाद नव्या लेखकांचा. त्यातही फँटसी आणि सायफायवाल्यांचा. ड्रॅगन, परग्रह, टाइम मशीन, शापित वाडे, काहीही चालेल. अट एकच. लेखक नवा पाहिजे.

का, म्हणून विचाराल तर सोपं आहे. सचिनची शंभरावी सेंच्युरी सगळ्या देशाने पाहिली. पण एखाद्या पोराला रणजीच्या पहिल्या मॅचमध्ये कव्हर ड्राइव्ह मारताना पाहिलंय, असं पुढे दहा वर्षांनी सांगण्यात जी मिजास आहे ना, ती वेगळीच. 'अरे, हा? ह्याचं पहिलं पुस्तक मी तेव्हाच वाचलं होतं!' हे वाक्य टाकता यावं म्हणून मी काय काय वाचलंय म्हणून सांगू!

आता कबुलीजबाब. जगभरातले नवे लेखक शोधत फिरणाऱ्या या बाईसाहेबांच्या फोनमध्ये एका नव्या लेखकाची अख्खी कादंबरी आठ महिने पडून होती. उघडलीसुद्धा नव्हती. लेखक माझा मावसभाऊ. मुक्काम पोस्ट इचलकरंजी.

'ताई, वाचलीस काय?'

कराड मागे पडलं की माझी भाषा आपोआप बदलते. पुण्यात 'मी जाते, मी येते' म्हणणारी मी 'जातो की, येतो की' म्हणायला लागते. आमच्याकडे पोरी अशाच बोलतात, त्याला इलाज नाही. आणि गावात शिरलं की कान आपोआप टवकारले जातात ते मागाच्या खटखटीसाठी. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून या गावाला शांतता अशी माहीतच नाही. लहानपणी आवाजाने आमची झोप कधी मोडली नाही. खटखट थांबली की मात्र दचकून जाग यायची. लाइट गेली वाटतं!

आमच्या घरामागे आठ माग होते. पप्पा खर्चीवाले, म्हणजे दुसऱ्याचं सूत घ्यायचं आणि मजुरीवर कापड विणून द्यायचं. दोन वर्षांपूर्वी ते माग भंगारात गेले. शेड आता गोडाऊन म्हणून भाड्याने दिलीय. त्यामुळे हल्ली घरी गेले की पहिल्या रात्री मला झोपच येत नाही.

मावसभाऊ चोवीस वर्षांचा. डिप्लोमा केलाय आणि एका कारखान्यात दिवाणजी आहे. कापड किती निघालं, कामगाराची मजुरी किती झाली, कुठल्या पिसात किती खोट निघाली, सगळं तो लिहून ठेवतो. रात्रपाळीला हिशेब संपले की फोनवर कादंबरी लिहायचा. मार्चमध्ये त्याने फाइल पाठवली. मी अंगठा पाठवला. संपलं.

दिवाळीला गेले तेव्हा फराळाच्या ताटावर त्याने विचारलं, "ताई, वाचलीस काय?"

"वाचायलोय की. अर्धी झाली."

"मग सांग, त्यातल्या पोरीचं नाव काय?"

मी चिवड्यातले शेंगदाणे वेचायला लागले. तो हसला, "असू दे, असू दे. काम असतंय तुला," म्हणाला आणि विषय बदलला. भांडला असता तर परवडलं असतं.

मग स्वयंपाकघरात मावशीने उरलंसुरलं पदरात घातलं. चार वर्षांपूर्वी त्याने मला कादंबरीची आयडिया सांगितली होती म्हणे. आणि मी म्हणाले होते, "मराठीत सायफाय कोण वाचणार? इंग्रजीत लिही, नाहीतर सोड." त्याने सोडलं. दोन वर्षं एक ओळ लिहिली नाही. मला तर हे बोलल्याचं आठवतसुद्धा नव्हतं. त्याच्या मात्र ते शब्दन् शब्द लक्षात होतं.

मराठीत आहे तरी काय?

त्या रात्री झोप नव्हतीच, तेव्हा मी स्वतःचंच ते वाक्य तपासायला घेतलं. माझा धंदाच तो आहे. सॉफ्टवेअर टेस्टिंग. लोकांच्या चुका काढायचे मला पैसे मिळतात.

पहिली चूक लगेच सापडली. सुरुवातीच्या काळात मराठी कादंबरी रमली तीच मुळी अद्भुतात! १८६१ ची 'मुक्तामाला' काय किंवा १८६८ ची 'मंजुघोषा' काय, सगळा अद्भुतरम्य मामला. पुढे हरिभाऊ आपट्यांनी १८८५ च्या 'मधली स्थिती'पासून कादंबरीला मध्यमवर्गाच्या माजघरात आणून बसवलं. ते फार मोठं काम झालं, प्रश्नच नाही. पण तेव्हापासून अद्भुत म्हणजे लहान मुलांचं किंवा टाइमपासचं, अशी आपली समजूत होऊन बसली. नाथमाधवांचं 'वीरधवल' पिढ्यान् पिढ्या वाचलं गेलं, भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, नारायण धारपांनी तर आमच्या अख्ख्या पिढीची झोप उडवली. तरी 'गंभीर साहित्य' म्हटलं की यांची नावं घ्यायला लोक लाजतात.

धारपांचंच बघा. २००८ साली ते गेले. २०१८ ला 'तुंबाड' आला आणि त्यामागे धारपांच्या 'आजी' या कथेची प्रेरणा आहे, असं कळल्यावर माझ्या ऑफिसातल्या नॉन-मराठी पोरांनीही विचारलं, "हू इज धारप?" २०२४ मध्ये 'तुंबाड' पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवला. म्हणजे वाचणारे, बघणारे आहेत. पोचायला उशीर होतो, एवढंच.

दुसरी चूक त्याहून लाजिरवाणी. मी ज्या जिल्ह्यातली, त्याच कोल्हापुरात १९३८ साली जयंत नारळीकरांचा जन्म झाला. आणि मी म्हणतेय मराठीत सायफाय कोण वाचणार!

नारळीकरही 'नवे' होते

नारळीकरांचा किस्सा तर प्रत्येक नव्या लेखकाने फ्रेम करून लावावा असा आहे. १९७४ साल. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा ठेवलेली. नारळीकर तेव्हा काही साधे आसामी नव्हते. केंब्रिज गाजवून आलेले, १९६५ लाच पद्मभूषण मिळालेले. नावावर कथा पाठवली असती तर नाही म्हणायची कुणाची टाप होती? पण त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी केली आणि 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीच्या अक्षरात लिहून घेतली. पहिला नंबर आला, तो या कुणा जगतापांचा!

गंमत म्हणजे त्याच १९७४ साली आमच्या इचलकरंजीत पन्नासावं साहित्य संमेलन भरलं होतं, पुलं अध्यक्ष होते. गावातली जुनी मंडळी अजून त्याच्या गोष्टी सांगतात. तिकडे पुलंना ऐकायला गर्दी आणि इकडे एक नामवंत शास्त्रज्ञ नाव लपवून नवोदितांच्या रांगेत उभा. पुढे 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला' आलं, २०२१ च्या नाशिक संमेलनाचं अध्यक्षपद आलं. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले. त्या दिवशी स्टेटसला त्यांचा फोटो मीही ठेवला होता. आणि फोनमध्ये भावाची फाइल तशीच होती.

नोकरी सांभाळून परग्रहावर

दुसरी एक गोष्ट या शोधात कायम जाणवते. हे नवे लेखक आपल्यासारखेच नोकरदार असतात हो! नेटफ्लिक्सवर २०२४ मध्ये आलेली 'थ्री बॉडी प्रॉब्लेम' बघितलीत ना? तिचे लेखक लिऊ त्सिशिन हे चीनमधल्या एका वीजनिर्मिती केंद्रात इंजिनीअर होते. कादंबरी आधी २००६ साली एका विज्ञानकथा मासिकात क्रमशः आली, २००८ ला पुस्तक झालं, २०१४ ला इंग्रजीत गेली आणि २०१५ ला ह्यूगो पुरस्कार घेऊन आली. लिहिली मात्र स्वतःच्या भाषेत. (हे वाक्य मी माझ्यासाठी लिहितेय.)

'द मार्शियन'वाला अँडी वीअर सॉफ्टवेअर प्रोग्रामर. प्रकाशक मिळेना म्हणून स्वतःच्या साइटवर एकेक प्रकरण फुकट टाकत गेला. २०११ मध्ये स्वतःच पुस्तक काढलं, २०१५ मध्ये त्यावर मॅट डेमनचा सिनेमा! 'सायलो' ही सिरीज ज्यावरून आली, ती ह्यू हॉवीची 'वूल'सुद्धा २०११ साली स्वतःच छापलेल्या एका कथेपासून सुरू झाली.

आपल्याकडची लावण्या लक्ष्मीनारायण गेम डिझायनर आहे. तिची पहिली कादंबरी २०२० ला आली, नंतर 'द टेन पर्सेंट थीफ' या नावाने परदेशात गेली आणि २०२४ मध्ये आर्थर सी. क्लार्क पुरस्काराच्या अंतिम यादीत पोचली. गोष्ट काय, तर भविष्यातल्या बंगळुरात अख्खं शहर 'बेल कर्व्ह'वर चालतं. वरचे वीस टक्के ऐशीत, मधले सत्तर टक्के धडपडीत आणि खालच्या दहा टक्क्यांची हकालपट्टी. अप्रेझलच्या आठवड्यात वाचू नका, डोक्याला शॉट लागेल!

मराठीतही नवं काही घडत नाही असं नाही. हृषीकेश गुप्तेंचं 'अंधारवारी' आणि 'दंशकाल' वाचा. भय, गूढ आणि घराण्याची गोष्ट यांची अशी सरमिसळ करतात की रात्री पाणी प्यायला उठायची पंचाईत. मेघश्री दळवींच्या विज्ञानकथा वाचा. सुबोध जावडेकर अजून वाचले नसतील तर आधी ते वाचा. आणि ज्यांना 'मराठीत ड्रॅगन कसे वाटतील' अशी शंका आहे, त्यांनी मुग्धा कर्णिकांनी केलेला 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा अनुवाद, 'स्वामी मुद्रिकांचा', उघडावा. मराठीला काहीही जड जात नाही, मंडळी. जड जातं ते आपल्याला.

शोध कसा घ्याल? माझा फंडा

• दिवाळी अंक चाळा, पण उलटे. आपण अंक घेतो आणि आधी ओळखीची नावं शोधतो. त्याऐवजी अनुक्रमणिकेतली तीन अनोळखी नावं निवडा आणि तिथून सुरू करा. 'नवल' आणि 'धनंजय' हे अंक अद्भुत, गूढ आणि विज्ञानकथांसाठी नावाजलेले. मराठीत नवा लेखक बहुतेक वेळा आधी दिवाळी अंकात भेटतो, पुस्तकात नंतर.

• स्पर्धांवर लक्ष ठेवा. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करतेय आणि तिची विज्ञानकथा स्पर्धा हा जुना राजरस्ता आहे. नारळीकर त्याच दारातून आले!

• 'नवोदित'चे पुरस्कार बघा. ह्यूगोच्याच सोहळ्यात दरवर्षी एका नव्या लेखकाला अस्टाउंडिंग अवॉर्ड देतात. २०१६ ला अँडी वीअर, २०२० ला 'द पॉपी वॉर'वाली आर. एफ. क्वांग. विजेत्यापेक्षा नामांकनाची यादी जास्त कामाची. पुढच्या वर्षाचं वाचन तिथेच मिळतं.

• जुन्या वाचनालयात जा. आमच्या गावचं आपटे वाचन मंदिर दीडशेहून अधिक वर्षांचं आहे. तुमच्याही गावात असं एखादं असेल. लायब्ररीतलं पुस्तक आवडलं नाही तर वर्गणीच्या पलीकडे काही जात नाही. नव्या लेखकावर जुगार खेळायला यापेक्षा स्वस्त जागा नाही.

• तीस पानांचा नियम. नव्या लेखकाला तीस पानं द्यायचीच. त्याच्या दुनियेचे नियम समजायला तेवढा वेळ लागतोच. तीस पानांनंतर मात्र भिडस्तपणा नको, सरळ बंद करा.

• आवडलं तर कळवा. हजार-पाचशे प्रतींच्या हिशेबात जगणाऱ्या लेखकाला तुमचं एक पत्र म्हणजे काय असतं, ते मला आता कळलंय.

पहाटे पाच वाजता

तर त्या रात्री पावणेबाराला मी ती फाइल उघडली. म्हटलं, तीस पानं वाचू, सकाळी दोन बऱ्या गोष्टी सांगू आणि मोकळी होऊ.

गोष्ट अशी. इचलकरंजीतल्या एका कारखान्यात कापड तपासणारी एक पोरगी आहे. कुठे तार तुटलीय, कुठे धागा सुटलाय, कुठे डाग पडलाय, ते बघायचं आणि खुणा करायच्या. खोट जास्त निघाली की मजुरी कापली जाते, म्हणून सगळे तिच्यावर डाफरून असतात. एक दिवस तिच्या लक्षात येतं की सात नंबरच्या मागावरच्या खोटी ठरावीक अंतराने पडताहेत. ती मोजायला लागते. वहीत मांडायला लागते. आणि मग तिला कळतं की ह्या चुका नाहीतच, कुणीतरी काहीतरी सांगतंय. कोण आणि कुठून, ते मी सांगणार नाही. छापून येऊ दे, मग वाचा.

मी ताडकन उठून बसले. कारण ही आयडिया नुसती भारी नाही, तिला बूड आहे. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जॅकार्डने असा माग केला की भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवरून नक्षी आपोआप विणली जाई. भोक आहे की नाही, एवढ्यावर धागा वर उचलायचा की नाही ते ठरायचं. हीच पट्ट्यांची युक्ती चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यासाठी उचलली आणि १८४३ साली एडा लव्हलेसने त्या यंत्राची तुलना थेट मागाशी केली. म्हणजे मी पुण्यात एसीत बसून ज्या कम्प्युटरच्या चुका काढते, त्याचं एक मूळ मागातच आहे! पप्पांच्या आठ मागांपासून पळून मी जिथे गेले, तिथेही मागच निघाला. आणि हे मला कुणा इंग्रजी लेखकाने नाही, रात्रपाळीच्या दिवाणजीने दाखवलं.

शिवाय शेडचा आवाज! पहिल्याच प्रकरणात त्याने तो असा लिहिलाय की दोन वर्षांनी मला आमच्या घरामागची खटखट पुन्हा ऐकू आली. खरं सांगते, तिथे मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला.

कादंबरी संपली तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. परफेक्ट होती? छे! मधली चाळीस पानं नुसती पळत होती. एका प्रकरणात सुट्टीच्या दिवशी माग चालू होते. मालकाचं पात्र हिंदी सिनेमातून उचललेलं. शेवट घाईत उरकलेला. मी सवयीने यादी करत गेले. पान नंबर, चूक काय, दुरुस्ती काय. तेवीस मुद्दे झाले.

सकाळी स्कूटी काढली आणि थेट त्याच्या घरी. ती यादी त्याच्या हातात दिली आणि लगेच पस्तावले. आठ महिन्यांनी वाचली आणि वर तेवीस चुका! त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत यादी वाचली. मग परत वाचली. आता हा चिडणार, म्हणून मी चप्पल घालायच्या तयारीत.

"सुट्टीचं बरोबर धरलीस," तो म्हणाला. "ते माझ्या ध्यानातच आलं नाही."

"रागावलास काय?"

"येडी आहेस काय? रोज दुसऱ्याच्या कापडातली खोट लिहितोय मी. खोट काढायची तर आख्खं पीस बघायला लागतंय, ताई. डोळ्याखालून वार न् वार घालायला लागतंय." आणि यादीची घडी करून त्याने खिशात ठेवली. "तू आख्खी वाचलीस."

चहा झाला. मग आम्ही दोघं दुपारपर्यंत मालकाच्या पात्रावर भांडत बसलो.

सध्या दुसरा खर्डा चालू आहे. तेवीसपैकी अठरा मुद्दे त्याला पटलेत, पाचांवर तो ठाम आहे आणि त्यातल्या दोनात तोच बरोबर असावा. यंदा त्यातलंच एक प्रकरण कथेसारखं करून स्पर्धेला पाठवायचं ठरलंय. नंबर येईल, न येईल. नावावर पाठवू की जगतापांसारखं उलटं करून, यावर मात्र अजून एकमत नाही.

आणि तुम्ही? नव्या लेखकाच्या शोधात आहात ना? मग दुकानात जायच्या आधी एक करा. फोन काढा आणि न उघडलेल्या फाइल्स बघा. कुणी सांगावं, कव्हर ड्राइव्ह तिथेच बसलेली असेल!